आयसीयूतून पेशंट वॉर्डला काढताना: नव्या सिस्टर-ब्रदरसाठी

नवीन मुलं आयसीयूला लागली की पहिला महिनाभर व्हेंटिलेटरला घाबरतात. त्याला घाबरायचं काही कारण नाही. त्याचं जरा बिनसलं की तो सगळा मजला डोक्यावर घेतो. न ओरडता बिघडतं ते शिफ्टिंग. फाइल बांधली, ट्रॉली आली, वॉर्डबॉय मामांनी पेशंट नेला, बेड पुसून झाला. पुढे त्या माणसाचं काय झालं ते आपल्याला कळतं तेव्हा तो एक तर घरी गेलेला असतो, नाही तर पहाटे आपल्याच दारात परत आलेला असतो.

जळगाव आणि धुळ्याच्या आयसीयूंत मी चौदा वर्षं काढली, शेवटची सहा इनचार्ज म्हणून. नव्या पोरांना ड्युटीवर तोंडी सांगत आले तेच इथे क्रमाने लिहिते आहे. पेशंट काढायचा की नाही हे डॉक्टर ठरवतात. तो नीट निघतो की नाही, हे मात्र बरंचसं आपल्या हातात असतं.

सगळ्या पायऱ्यांवर एक प्रश्न सोबत ठेवा: आज रात्री तीन वाजता या माणसाकडे कोण बघणार आहे? पेशंट वॉर्डला जाण्याइतका बरा आहे का, हे सगळेच विचारतात. तो वॉर्ड याला सांभाळू शकेल का, हे विचारायचं राहून जातं. आयसीयूत एका सिस्टरकडे एक-दोन पेशंट असतात. वॉर्डात रात्री एकटी सिस्टर आणि वीस-बावीस पेशंट, त्यात दोन त्याच दिवशी ऑपरेशन झालेले, हे आपल्याकडचं नेहमीचं चित्र.

पहिली पायरी: ॲडमिशनच्याच दिवशी

शिफ्टिंगची तयारी पेशंट आत येतो त्या दिवसापासून सुरू होते. पहिल्या चोवीस तासांत नातेवाइकांकडून चार गोष्टी लिहून घ्या. आजारी पडण्याआधी माणूस कसा होता? शेतात जायचा, काठी धरून ओट्यापर्यंत यायचा, की खाटेवरच असायचा? रोजच्या गोळ्या कोणत्या? (नावं विचारू नका, पिशवीच मागवा.) गाव कुठलं, आणि गाडी दारापर्यंत जाते का? घरी सांभाळणारं कोण?

आधीची अवस्था कळल्याशिवाय 'बरा झाला' म्हणता येत नाही. केंद्र सरकारच्या आरोग्य सेवा महासंचालनालयाने २०२४ च्या सुरुवातीला आयसीयूत कोणाला घ्यावं आणि कधी काढावं याची मार्गदर्शक तत्त्वं काढली. चोवीस तज्ज्ञांनी मिळून ती तयार केली होती. त्यांतही हेच आहे: बिघडलेल्या गोष्टी जवळजवळ नॉर्मलला किंवा त्या माणसाच्या मूळ पातळीला परत आल्या पाहिजेत. चुलीच्या धुरात चाळीस वर्षं भाकरी थापलेल्या बाईचं सॅच्युरेशन (रक्तातल्या ऑक्सिजनचा टक्का) घरीच ९० असतं. तिचं ९६ होण्याची वाट बघत बसलात तर ती आयसीयूतच म्हातारी होईल. आणि ऑक्सिजन वाढवून ९६ केलंत, तर कार्बन डायऑक्साइड साठून ती झोपाळायला लागेल. तिच्यासाठी ८८ ते ९२ हेच लक्ष्य, आणि ते वॉर्डच्या कागदावर मोठ्या अक्षरात जायला हवं.

दुसरी पायरी: यादी सकाळी, शिफ्टिंग दिवसा

सकाळच्या राउंडला डॉक्टरांना स्पष्ट विचारा, 'सर, आज कोण निघू शकतं? आणि अचानक बेड लागलाच तर सगळ्यात आधी कोण?' हा दुसरा प्रश्न विचारायला नव्यांना संकोच वाटतो. विचाराच. उत्तर आधी मिळालं तर रात्री घाईत चुकीचा माणूस निघत नाही.

माझ्या हातून निघाला होता. न्यूमोनियाच्या एक आजी होत्या, नॉरॅड (बीपी टिकवून धरणारं औषध) त्याच दिवशी सकाळी बंद झालेलं. रात्री साडेनऊला खालून फोन आला की हार्ट अटॅकचा पेशंट येतोय आणि बेड नाही. आजी त्यातल्या त्यात बऱ्या, म्हणून मी त्यांना काढलं. वॉर्डच्या सिस्टरला जिन्यातच सांगितलं, 'स्टेबल आहेत.' पहाटे साडेचारला आजी परत आल्या, मिनिटाला ३६ श्वास. मी वॉर्डचा चार्ट उघडला. रात्री बारा, दोन आणि चार, तिन्ही वेळा रेस्पिरेटरी रेट लिहिलेला: २०, २०, २०. आजी वाचल्या. त्या सिस्टरवर मी तेव्हा भडकले होते. नंतर लक्षात आलं की चोवीस पेशंटांत या एकीचे श्वास मोजायला हवेत, हे मी तिला सांगितलंच नव्हतं.

ब्रिटनमधल्या आयसीयूंच्या नोंदींवरून २००० साली एक अभ्यास प्रसिद्ध झाला. रात्री काढलेल्या पेशंटांत मृत्यूचं प्रमाण दिवसा काढलेल्यांपेक्षा जास्त निघालं, आणि रात्री निघालेल्यांत वेळेआधी काढलेले बरेच होते. म्हणजे दोष अंधाराचा नाही, घाईचा. रात्री काढावंच लागलं तर वॉर्डच्या आरएमओला (ड्युटीवरच्या निवासी डॉक्टरला) फोन झाल्याशिवाय ट्रॉली हलवू नका.

तिसरी पायरी: मॉनिटर सोडून माणसाकडे बघा

मॉनिटरवरचे आकडे सगळेच बघतात, म्हणून त्यांचं थोडक्यात सांगते. नॉरॅडसारखं औषध बंद होऊन आमच्याकडे किमान बारा तास जाऊ देतात. श्वासाची ट्यूब काढल्यानंतरचे ४८ तास जपायचे असतात. ऑक्सिजन किती लिटरवर आहे आणि तेवढा वॉर्डात मिळतो का, ते बघा. लघवी तासाला किती होते आहे तेही बघा.

श्वास मात्र पूर्ण एक मिनिट, घड्याळ धरून मोजा. बिघडायला लागलेला माणूस बहुतेक वेळा आधी श्वासातून सांगतो, आणि नेमका तोच आकडा आपल्याकडे सगळीकडे अंदाजाने लिहिला जातो. ब्रिटनमधली 'न्यूज-२' ही गुणपद्धत (२०१२ मध्ये आली, २०१७ मध्ये सुधारली) श्वास, सॅच्युरेशन, ऑक्सिजन लागतो का, बीपी, नाडी, शुद्ध आणि ताप यांना गुण देते. मिनिटाला २५ किंवा जास्त श्वास असतील तर एवढ्यानेच ३ गुण. बेरीज ५ झाली की डॉक्टरांना तातडीने बोलवायचं, ७ झाली की धावायचं. तुमच्याकडे ती वापरत नसतील तरी शिफ्टिंगच्या आधी एकदा बेरीज करून बघा. मोबाइलवर मिनिटभराचं काम आहे.

आता आपल्या भागातली खास गोष्ट. कपाशीच्या फवारणीच्या दिवसांत आयसीयूतले दोन-तीन बेड तरी फवारणीच्या औषधाचे असतात, कोणी फवारताना बाधलेला, कोणी पिऊन आलेला. तिसऱ्या दिवशी हे पेशंट फार फसवतात. पारोळ्याकडचा एक तिशीतला शेतकरी होता. ॲट्रोपिन (विषावरचं औषध) अगदी थोडं उरलेलं, छाती साफ, बायकोशी गप्पा चाललेल्या. फाइल तयार होती. मी म्हटलं, 'दादा, उशीवरून मान उचला बरं.' तो हसला आणि प्रयत्न केला. हनुवटी थोडी हलली, डोकं उशीला चिकटवल्यासारखं तिथेच. 'ताई, रात्री झोप नाही झाली त्यांची,' बायको म्हणाली. शिफ्टिंग थांबवलं. संध्याकाळपर्यंत श्वास उथळ झाला आणि रात्री ट्यूब टाकावी लागली. पुढे नऊ दिवस व्हेंटिलेटर, आणि मग चालत घरी. विष पोटात गेल्यावर २४ ते ९६ तासांच्या दरम्यान हा दुसरा झटका येऊ शकतो. मान, खांदे आणि श्वासाचे स्नायू ढिले पडतात, आणि ॲट्रोपिनचा त्यावर उपयोग नसतो. वॉर्डात हे कोणाच्या लक्षात येईपर्यंत उशीर झालेला असतो. म्हणून विषाच्या प्रत्येक पेशंटला मान उचलायला लावा, रोज, आणि निघताना पुन्हा.

मण्यार चावलेल्यांचंही तसंच. पापण्या पूर्ण उघडतात का, गिळता येतं का, आवाज नाकातून येतोय का, हे निघण्याआधी बघा. पहिल्या पावसानंतर हे पेशंट वाढतात, तेव्हा ही तपासणी हाताच्या सवयीची झालेली बरी.

शुद्धीबद्दल एक. रात्री नळ्या ओढणारा, दिवसा गुंगीत पडलेला पेशंट वॉर्डात गेला तर खाटेवरून पडतो. भ्रम आहे का ते बघायला आपण साधे प्रश्न विचारतो. त्यातला एक असा की दगड पाण्यावर तरंगतो का? धडगावकडच्या एका म्हातारीने याचं एकही उत्तर दिलं नाही, म्हणून तीन दिवस तिच्या फाइलवर 'भ्रम' लिहिलेलं. चौथ्या दिवशी तिच्या नातसुनेने तोच प्रश्न पावरीत, त्यांच्या बोलीत, विचारला. म्हातारी आमच्याकडे बघून खळखळून हसली. भ्रम तिला नव्हता, मराठी येत नव्हती. अहिराणी बोलणाऱ्यांना निदान 'दम लागस का?' एवढं त्यांच्या बोलीत विचारा. मराठीत विचारलं की 'नाही' म्हणणारा माणूस त्यावर सरळ सांगतो.

चौथी पायरी: नळ्या

सेंट्रल लाइन (मोठ्या शिरेतली नळी), लघवीची नळी, राइल्स ट्यूब (नाकातून पोटात जाणारी). प्रत्येकीपुढे उभं राहून विचारा: ही अजून कशासाठी? 'राहू दे, लागली तर' हे उत्तर नाही. त्या 'राहू दे'तूनच पुढे इन्फेक्शन येतं. मानेतली लाइन काढताना पेशंटला आडवं झोपवा. बसवून काढू नका, हवा आत ओढली जाऊ शकते. श्वास रोखायला सांगा, नळी निघाली की पाच मिनिटं दाबून धरा आणि वर हवाबंद ड्रेसिंग लावा. मगच ट्रॉली. आणि निघण्याआधी हाताला एक चालू व्हेनफ्लॉन (सलाइन-इंजेक्शनसाठी शिरेत ठेवलेली छोटी नळी) हवाच.

पाचवी पायरी: आधी पाणी, मग चहा

वॉर्डात पोहोचल्यावर पहिल्या दहा मिनिटांत काय होतं? काकू थर्मास उघडतात. चार दिवस उपाशी माणूस, म्हणून मायेने चहात बुडवलेला टोस्ट तोंडात जातो. बरेच दिवस ट्यूब असलेल्या पेशंटचं गिळणं कच्चं झालेलं असतं. टोस्ट चुकीच्या वाटेने छातीत उतरतो, आणि दुसऱ्या दिवशी ताप. म्हणून शिफ्टिंगच्या आधी तुमच्यासमोर, ताठ बसवून, आधी चमचाभर पाणी द्या, मग घोट-घोट. खोकला आला किंवा आवाज ओला, घोगरा झाला तर तोंडाने बंद, आणि डॉक्टरांना सांगा. काय चालेल ते नातेवाइकांना पदार्थाच्या नावाने सांगा. 'पातळ आहार' म्हटलं तर कोणी फोडणीचं वरण आणतं, कोणी नुसतं पाणी पाजतं. 'घट्ट पेज, चमच्याने, बसवून' म्हटलं की कळतं.

सहावी पायरी: औषधांची उजळणी

इथे दोन्ही बाजूंनी चुका होतात. आयसीयूत सुरू केलेली, आता गरज नसलेली औषधं पुढे चालूच राहतात: रात्री शांत झोपावा म्हणून दिलेली गोळी, ॲसिडिटीचं इंजेक्शन. सहा महिन्यांनी तोच माणूस ती झोपेची गोळी घेताना भेटतो, कारण 'मोठ्या दवाखान्यात लिहून दिली होती.' उलट घरची थायरॉइडची, बीपीची गोळी, दम्याचा पंप, सिकलसेलच्या पेशंटची रोजची औषधं आत आल्यावर थांबतात आणि पुन्हा सुरू करायची राहतात. पहिल्या दिवशी मागवलेली पिशवी आता बाहेर काढा. डॉक्टरांसमोर एकेक पाकीट धरा: चालू, बंद, की अमुक दिवसानंतर?

इन्सुलिन पंपाने शिरेतून चालू असेल तर लांब पल्ल्याचं इंजेक्शन पंप बंद करण्याच्या दोनेक तास आधी गेलं पाहिजे. पंप आधी बंद करून 'इंजेक्शन वॉर्डात देतील' असं सोडलं की मधल्या वेळात शुगर चढते.

सातवी पायरी: हॅन्डओव्हर

'स्टेबल आहे' हे वाक्य आमच्या युनिटमध्ये मी बंदच करून टाकलं. त्यातून वॉर्डच्या सिस्टरला काहीच करता येत नाही. त्याऐवजी पाच ओळींचा कागद द्या. कशासाठी आला होता, काय झालं, आता कशावर आहे, आज रात्री काय बिघडू शकतं, आणि बिघडलं तर कोणाला आणि कधी कळवायचं. चौथी आणि पाचवी ओळ सगळ्यात मोलाची. उदाहरणार्थ: 'श्वास दर दोन तासांनी पूर्ण मिनिट मोजावा. २५ च्या वर गेला किंवा मान उचलता आली नाही तर आरएमओंना ताबडतोब, वाट न बघता.'

हॅन्डओव्हर बेडजवळ, पेशंट दिसत असताना द्या. समोरच्या सिस्टरने तुमच्यासमोर श्वास आणि बीपी एकदा स्वतः घ्यावं. तिला वेळ नसतो, मान्य. पण दोघींनी मिळून मोजलेला आकडा नंतर वादात पडत नाही. आणि ऑक्सिजनचा सिलिंडर निघण्याआधी तपासा. आमची लिफ्ट एकदा दोन मजल्यांच्या मध्ये वीस मिनिटं अडकली होती. भरलेल्या बी-टाइप सिलिंडरमध्ये साधारण दीड हजार लिटर ऑक्सिजन असतो. मिनिटाला दोन लिटरने बारा तास, पण दहा लिटरने अडीचच. काटा अर्ध्यावर असेल तर त्याच्या निम्मा. हिशोब डोक्यात करा, निघा.

आठवी पायरी: बाहेर बसलेली माणसं

नातेवाइकांची दोन टोकं असतात. एक म्हणतं, 'सिस्टर, इथेच राहू द्या, तिकडे कोण बघतं?' दुसरं म्हणतं, 'कापूस वेचणीला आलाय, नेऊ द्या घरी.' दोघांच्याही बोलण्यात खरं असतं. पहिल्यांना एक दिवस आधीच सांगायला सुरुवात करा. ऐनवेळी ट्रॉली बघितली की त्यांना वाटतं पैशासाठी किंवा बेडसाठी हाकललं. काय सुधारलं ते दाखवा: 'परवा हे मशीनवर होते, काल दहा लिटरवर, आज दोन.' वॉर्डात मॉनिटर नसेल, त्याचा आवाजही येणार नाही, हे आधीच सांगा. आठ दिवस तो आवाज ऐकून झोपलेल्या मुलाला तिथली शांतता घाबरवते.

अशक्तपणाबद्दलही बोला. लंडनमधल्या २०१३ च्या एका अभ्यासात गंभीर पेशंटांच्या मांडीच्या स्नायूच्या आडव्या छेदाचं क्षेत्रफळ दहा दिवसांत सरासरी १८ टक्क्यांच्या आसपास घटलेलं दिसलं. घरच्यांना आकडा नको, एवढं पुरे: 'पाय लगेच धरणार नाहीत. दिवसातून तीन वेळा काठावर बसवा, धरून उभं करा. एकट्याला संडासला पाठवू नका.'

अडकतं कुठे

पेशंट तयार आणि शिफ्टिंग होत नाही, हेही रोजचंच. वॉर्डचा बेड डिस्चार्ज होऊनही रिकामा नसतो, कारण त्या पेशंटचं बिल किंवा इन्शुरन्सचं ॲप्रूव्हल यायचं असतं. दुपारी दोनला फोन करून काही होत नाही. सकाळी नऊलाच वॉर्डच्या इनचार्जशी बोला. महात्मा फुले जनआरोग्य योजनेचे कागद पहिल्या दिवशीच आरोग्यमित्राकडे (दवाखान्यात बसणाऱ्या योजनेच्या माणसाकडे) गेले पाहिजेत. २०१२ मध्ये जीवनदायी या नावाने ती सुरू झाली तेव्हा पहिल्या टप्प्यातल्या जिल्ह्यांत आपलं धुळं होतं, तरी रेशनकार्डासाठी घरी धावणारा मुलगा अजून रोज दिसतो. योजनेच्या पॅकेजमध्ये घरी परतण्याचं एसटीचं किंवा रेल्वेच्या दुसऱ्या वर्गाचं भाडंही धरलेलं असतं. कित्येकांना ते माहीत नसतं, तुम्ही सांगा.

दुसरं टोक म्हणजे डॉक्टर नको म्हणत असताना स्वतःच्या सहीवर जाणारे, आपल्या भाषेत 'डामा'. सही घेऊन मोकळं होऊ नका. का जाताय ते विचारा. निम्म्या वेळा कारण पैसा असतं आणि समाजसेवा अधीक्षकांकडे पाठवून मार्ग निघतो. उरलेल्यांना समरी (डिस्चार्जचा कागद), रिपोर्ट आणि पुढच्या दिवसांची औषधं द्याच. सहीने माणूस आपला पेशंट राहायचा थांबत नाही. आशा सोडलेले काहीजण शेवटचा श्वास घरी जावा म्हणून नेतात. त्यांच्याशी वाद घालू नका. दम आणि दुखणं कमी करणारी औषधं डॉक्टरांकडून लिहून घ्या, आणि गावच्या डॉक्टरांना फोन करायला सांगा.

दूरच्यांचं वेगळं. अक्कलकुवा, मोलगी, धडगावकडे परत जाणाऱ्या माणसाला 'त्रास झाला तर लगेच या' म्हणणं सोपं आहे. पावसाळ्यात चांदसैली घाटात दरड आली तर तो कसा येणार? अशांना वॉर्डातून एक-दोन दिवस उशिरा सोडा म्हणून डॉक्टरांना सुचवा. जवळचं ग्रामीण रुग्णालय कोणतं ते समरीवर लिहा. फॉलोअपची तारीख त्यांच्या बाजाराच्या दिवसाची द्या. त्या दिवशी गाडी मिळते. घरी ऑक्सिजनचं मशीन लागणार असेल तर पाड्यावर वीज किती तास असते, हे आधी विचारा. १०८ ची गाडी तातडीसाठी आहे, घरी सोडायला येत नाही, हेही सांगून ठेवा.

दुसऱ्या दिवशी

ड्युटी संपली की पाच मिनिटं वॉर्डात जाऊन या. चार्ट बघा, स्वतः श्वास मोजा, काय खाल्लं ते विचारा, काठावर बसलाय का बघा. काही खटकलं तर तिथल्या आरएमओंना सांगा, वॉर्डच्या सिस्टरशी भांडू नका.

बहुतेक पेशंट तुम्हाला ओळखणार नाहीत. मास्कशिवाय त्यांनी तुम्हाला पाहिलेलंच नसतं, आणि ते दिवस त्यांना तुकड्या-तुकड्यांनीच आठवतात. काहीजण मात्र तुम्ही एकट्या दिसलात की हळूच जवळ बोलावतात. घरच्यांना विचारायची लाज वाटते असं काहीतरी विचारायचं असतं. अमळनेरच्या एका रिटायर गुरुजींनी मला विचारलं होतं, 'सिस्टर, रात्री त्या भिंतीवरून मुंग्यांची रांग जायची. ती खरी होती का?' मी खुर्ची ओढून बसले. म्हटलं, 'नव्हती गुरुजी. तापाने आणि औषधांनी दिसायचं तसं. तिथे पुष्कळांना दिसतं.' ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग बायकोकडे वळून म्हणाले, 'आता दे पेज.'